लॅपटॉपला पाणी घालणारे खरात सर

खरात सर पहिल्यांदा आमच्या मराठी विभागात आले ते एक आवाज घेऊन. दारात उभं राहून त्यांनी तो तोंडाने काढून दाखवला. मान डावीकडे कललेली, जीभ टाळूला चिकटलेली आणि घशातून कुणीतरी वाळू चाळावी तसं काहीतरी. मी पेपर तपासत होते. शेजारच्या बाईंनी घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पाणी नको. ह्याला मराठीत काय म्हणायचं तेवढं सांगा."

"खरखर," मी म्हटलं.

"आन ह्याला?" आता त्यांनी ओठांनी वेगळंच काही केलं. तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखं.

"तडतड."

"म्हंजे दोन हायती," ते स्वतःशीच म्हणाले. "मी एकच धरून चाललो हुतो." आणि आभार वगैरे न मानता निघून गेले.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात खरात सर पदार्थविज्ञान शिकवत. मूळचे माण तालुक्यातले. वडील मुंबईला गोदीत कामाला, घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. वर्गात ते छापील मराठी बोलत आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की गावाकडचं, दहिवडीचं. दोन्हींत कधी सरमिसळ झाली नाही. अंगाने काटकुळे, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण बारा महिने लावलेलं. मुलं त्यांना पाठीमागे 'खरखरात' म्हणत. ते नाव पडायला कारण झाला तो लॅपटॉप, पण त्याआधी त्यांच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तो नियम. प्रयोगात काही बिघडलं तर दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कधीच कळत नाही. यात नवल काही नाही, पदार्थविज्ञानाचा कुठलाही मास्तर हेच सांगेल. पण खरात सर घरीही तसंच जगत. त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनी मला सांगितलेली गोष्ट. एकदा आमटी पानचट झाली. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळं तसंच ठेवून फक्त चिंच वाढवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी चिंच पूर्ववत आणि फक्त मीठ. मग फक्त मसाला. मग फक्त पातेलं. "पाव्हणं आलं हुतं त्या आठवड्यात," वहिनी म्हणाल्या. "रोज जेवायचं आन रोज म्हणायचं, कालच्यापरीस बरी हाय. शेवटी निघालं काय, तर तूरडाळच जुनी." डाळ जुनी आहे हे वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सर म्हणाले, ते नुसतं मत होतं, आता सिद्ध झालं.

लॅपटॉप आला तो बंगलोरला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडून. कॉलेजात तोवर दोनच कॉम्प्युटर होते, तेही टेबलावरचे, पांढऱ्या कापडाने झाकलेले. हा लॅपटॉप काळा, जाडजूड, लहान मुलाइतका जड. सरांनी तो मागून घेतला होता आणि त्यामागे त्यांचा एक बेत होता. माणमधल्या शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या आणि वीज असली तरी तिचा भरवसा नव्हता. बॅटरीवर चालणारं यंत्र घेऊन त्या शाळांत जायचं आणि पोरांना आवाज म्हणजे काय ते ऐकवायचं. त्या विद्यार्थ्याने सरांच्या सांगण्यावरून लॅपटॉपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम घालून दिला होता. त्यातून एकच शुद्ध सूर निघे. ना गाणं, ना बोल. तो सूर हवा तसा खाली उतरवायचा, वर चढवायचा.

"शुद्ध म्हंजे कसा," सर मला म्हणाले, "भांड्यात पानी ठेवल्यावर खालचा तळ दिसतो, तसा."

पण सूर शुद्ध निघेना. लॅपटॉप सुरू केला की स्पीकरमधून खरखर, मध्येच तडतड. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी येऊन तो ऐकला आणि मान हलवली. परीक्षा झाल्यावर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. देणगी देणारा तो विद्यार्थीही त्याला येणार होता. "त्याच्यासमोर हे असं वाजलं तर शोभा होईल," प्राचार्य म्हणाले. "मेळाव्यात नीट वाजवून दाखवा. नाहीतर लॅपटॉप ऑफिसात द्या, निदान पत्रं तरी टाइप होतील."

तसं झालं तर शाळांचा बेत संपला. खरात सर कामाला लागले.

आवाज तोंडाने काढून दाखवायला ते अधूनमधून माझ्याकडे येऊ लागले. मी नाव सांगायची. करकर, चरचर, कुरकुर. सर म्हणत, तुमचा विषय माझ्यापरीस सोपा हाय मॅडम, तुमच्याकडं सगळ्याला शब्द हाय. होता होता त्यांनी तीन आवाज नक्की केले. तडतड, खरखर आणि तिसरा सगळ्यात बारीक, वाळल्या कडब्यातून वारा गेल्यासारखा. त्याला मी सळसळ म्हटलं. तो मात्र मला लॅपटॉपमध्ये कधी ऐकू आला नव्हता, फक्त सरांच्या तोंडून.

तडतड लवकर सुटली. प्रयोगशाळेतले सहायक दस्तगीर मुजावर आणि सर यांनी लॅपटॉप उलटा धरून हलक्या हाताने थोपटला. स्पीकरच्या जाळीतून भडंगातल्या चिरमुऱ्याचा अर्धा दाणा आणि शेंगदाण्याचं साल खाली पडलं. सूर मोठा झाला की तो दाणा आत नाचत होता. प्रयोगशाळेत खायला बंदी, तेव्हा दाणा आला कुठून? सरांनी एकेक माणूस वगळत विचार केला, तर उरले फक्त प्राचार्य. पहिल्या दिवशी ऐकायला आले तेव्हा त्यांच्या हातात पुडी होती. सर तो दाणा काचेच्या बशीत घालून प्राचार्यांच्या खोलीत गेले, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, हे तुमचं."

खरखर मात्र हटेना. एका वेळी एकच गोष्ट, म्हणून सरांनी आधी पंखा बंद केला. मग ट्यूब. मग ऑफिसातलं पाणी गार करायचं यंत्र. मग शिपायाला हातातल्या घड्याळासकट मैदानात जाऊन उभं राहायला सांगितलं. तो बिचारा उन्हात उभा राहिला, आणि कुणी विचारलं तर सांगे, "माझ्या घड्याळाचा आवाज लॅपटॉपला जातोय का बघायलेत." शेवटी कॅन्टीनचा मिक्सर बंद झाला. त्या दिवशी वाटणाशिवायची मिसळ खाऊन मुलांनी घोषणा दिल्या, आणि त्या घोषणांत 'खरखरात' हे नाव पहिल्यांदा जाहीरपणे उच्चारलं गेलं. सरांनी खिडकीतून ऐकलं. "चांगलं हाय," ते म्हणाले. "आवाजावरनं हाय."

मग ते रजा काढून लॅपटॉप घेऊन गावी गेले. दुसऱ्या दिवशी दहिवडीच्या एसटीडी बूथवरून कॉलेजात फोन आला. मुजावरांनी घेतला. पलीकडून सर ओरडत होते, "मुजावर, बरा झाला! खरखर एकदम गेली! अंगनात बसून ऐकलं!" मुजावरांनी रिसीव्हर ठेवून आम्हा सगळ्यांना सांगितलं, तेव्हा नव्याने आलेल्या एका प्राध्यापकाला वाटलं, सरांच्या घरचं कुणीतरी आजारातून उठलं. त्याने सोमवारी जाऊन सरांचं अभिनंदन केलं. सरांनी ते स्वीकारलं.

पण सोमवारी सांगलीत लॅपटॉप सुरू केला आणि खरखर हजर.

सर दिवसभर कृष्णेच्या दिशेला बघत बसले. संध्याकाळी त्यांचा निष्कर्ष झाला. माणची हवा कोरडी. सांगली नदीकाठची, हवेत ओल. ओल आत गेली आहे, ती काढायला हवी.

मुजावर तासगावचे. त्यांच्या घरी द्राक्षाची बाग आणि बेदाण्याचं शेड होतं, आणि हंगाम नेमका चालू होता. रविवारी सर लॅपटॉप घेऊन तासगावला गेले. उघड्यावरचं ते शेड, वीज नाही, नुसती जाळ्यांची मांडणी. एका जाळीवर हिरवी द्राक्षं पसरलेली, तिच्या वरच्या जाळीवर स्वच्छ पंचा अंथरून लॅपटॉप ठेवला. मुजावरांचे वडील बाजेवर बसून हे सगळं बघत होते. मग मुलाला म्हणाले, "ह्यो कवा वाळंल रं?"

"अब्बा, त्ये द्राक्ष न्हाई."

"त्ये दिसतंय मला. कवा वाळंल ते इचारतोय."

बेदाणा बघायला आलेल्या एका व्यापाऱ्याने लॅपटॉप निरखून पाहिला आणि हा कुठला नवा माल म्हणून चौकशी केली. दुपार कलल्यावर सरांनी लॅपटॉप खाली उतरवला आणि शेडमध्येच सुरू केला. खरखर नाही. वडिलांनी कान लावून ऐकलं आणि समाधानाने मान डोलावली. त्यांच्या शेडमध्ये न वाळलेली वस्तू आजवर नव्हती.

सांगलीत येऊन सर लॅपटॉप टेबलावर ठेवतात, वायर लावतात, तर खरखर. आता तिला बेदाण्याचा वासही होता.

यानंतरची गोष्ट मी स्वतः पाहिली. परीक्षेआधीचे जादा तास चालू होते. सर प्रयोगशाळेत शिकवत होते आणि मी बाहेरच्या व्हरांड्यातून चालले होते. आतून त्यांचं छापील मराठी ऐकू येत होतं. "म्हणून एका वेळी एकच घटक बदलावा, अन्यथा," इतकं बोलून ते थांबले. मग सर बाहेर आले, दाराशेजारी भिंतीला पाठ लावून हाताची घडी घालून उभे राहिले. प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्या मुलाला सर हीच शिक्षा करत. तास संपेपर्यंत दाराबाहेर.

तेवढ्यात फेरीवर निघालेले प्राचार्य आले.

"खरात, वर्ग कुणाचा?"

"माझाच."

"मग तुम्ही बाहेर का?"

"शिक्षा हाय."

"कुणी केली?"

"मीच. दोन गोष्टी बदलल्या, सर. गावाला जागा बी बदलली आन वायर बी काढली. तिथं लाइट न्हवती, बॅटरीवर चालवला. शेडमधी बी तसंच. मी आपला हवेला दोष देत बसलो."

प्राचार्यांनी आत डोकावून पाहिलं. मुलं अगदी शिस्तीत बसली होती. असं करू नये असा नियम त्यांना आठवेना, म्हणून ते पुढे गेले. सर मात्र घंटा होईपर्यंत हलले नाहीत. घंटा होताच जवळजवळ पळत आत गेले आणि त्यांनी लॅपटॉपची वायर उपसली. खरखर गेली. वायर लावली. आली. पुन्हा काढली. गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे दोष हवेचा नव्हता, विजेचा होता. बटणाच्या बोर्डावर तीन भोकं असतात, त्यातल्या वरच्या मोठ्या भोकाची तार इमारतीच्या मागे जमिनीत पुरलेली असते. वाट चुकलेली वीज तिच्यातून मातीत मुरते. पण माती वाळली तर ती वीज मुरायची कुठे? ती फिरून यंत्रातच घोटाळते आणि स्पीकरमधून खरखरते. हे सरांनी मला वहीच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं आणि म्हणाले, "मी लॅपटॉप वाळवत हिंडलो, मॅडम. वाळली हुती जमीन."

ती तार पुरलेला खड्डा शोधण्यात परीक्षा उलटली, शेवटी तो कॅन्टीनच्या लाकडांखाली सापडला. एप्रिलचं ऊन, माती भेगाळलेली. मातीत ओल टिकावी म्हणून सरांनी बाजारातून खडेमीठ आणलं, इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादलीने पाणी घालायला सुरुवात केली. मुजावर नळापासून बादल्या पोचवत होते. नेमके त्याच वेळी प्राचार्य मेळाव्याच्या तयारीसाठी आलेल्या दोन प्रतिष्ठित माजी विद्यार्थ्यांना कॉलेज दाखवत तिथे आले.

"काय चाललंय, खरात?"

"लॅपटॉपला पानी घालतोय," सर म्हणाले आणि मुठीने मीठ टाकलं.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. प्राचार्य अनुभवी होते. "आमच्या खरात सरांना बागकामाची फार आवड," असं म्हणून त्यांनी पाहुण्यांना ग्रंथालयाकडे वळवलं.

वायर लावूनही लॅपटॉप त्या संध्याकाळी स्वच्छ वाजला. मुजावरांनी सगळ्यांना बेदाणे वाटले. शिपाई तर घड्याळ घालून मुद्दाम जवळ उभा राहिला. फक्त सर मान कलती करून बसले होते.

"सळसळ हाय अजून," ते म्हणाले.

"न्हाई सर. एकदम साफ हाय," मुजावर म्हणाले.

"मॅडम?"

मलाही काही ऐकू येत नव्हतं. मी तसं सांगितलं. सरांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं. उद्या मेळावा आहे म्हणून आम्ही त्यांना बरं वाटेल असं बोलतोय, अशी त्यांची समजूत झालेली दिसली.

मेळाव्याला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत बंगलोरचा विद्यार्थी, प्राचार्य, सुमनवहिनी आणि त्यांच्या शेजारी मी. सरांनी स्पीकरसमोर माइक धरून सूर लावला. खरंच, त्यांनी सांगितला होता तसाच निघाला, तळ दिसणारा. बंगलोरच्या विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. सर छापील मराठीत म्हणाले, "आता मी हा सूर हळूहळू वर नेणार आहे. जोवर ऐकू येतो तोवर प्रत्येकाने हात वर ठेवावा. एका मर्यादेनंतर तो माणसाच्या कानाच्या पलीकडे जातो."

सगळ्यांचे हात वर. सूर चढू लागला. बारीक झाला, टोकदार झाला. मग सर प्रसन्नपणे म्हणाले, "पाहा. आता सूर चालू आहे, पण कुणालाही ऐकू येत नाही. हात खाली घ्या."

एकही हात खाली आला नाही. सूर सुईसारखा कानात शिरत होता. प्राचार्यांनी एक हात वर ठेवून दुसऱ्याने कान दाबला होता.

"हात खाली घ्या," सर पुन्हा म्हणाले. त्यांना वाटलं, लोकांना सूचना कळली नाही. मग त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, माइक पाहिला, लॅपटॉपला कान लावला. सभागृहात कुणी हसलं नाही. सरांनी मुजावरांना मंचावर बोलावलं. "ऐकू येतंय?"

"व्हय सर. लय चिरका हाय."

मग त्याच जागी बंगलोरच्या विद्यार्थ्याला उभं केलं. मग प्राचार्यांना. दोघांनाही येत होतं. लॅपटॉप तोच, सूर तोच, जागा तीच. एका वेळी एकच माणूस बदलत होता. शेवटी त्या जागी सर स्वतः उभे राहिले आणि सूर खाली आणू लागले. बराच खाली आल्यावर त्यांनी स्वतःचा हात वर केला. सगळं सभागृह हात वर करून बसलेलं आणि मंचावर सरही तसेच.

"लॅपटॉप निर्दोष आहे," ते म्हणाले. "सळसळ माझ्या कानात आहे. सिद्ध झालं."

लोकांना वाटलं, प्रयोगाचा शेवट असाच ठरलेला आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. बंगलोरचा विद्यार्थी उभा राहून टाळ्या वाजवत होता. सुमनवहिनी मात्र हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "घरी हाका मारून मारून दमायची मी. मला वाटायचं, ध्यान न्हाई मानसाचं."

सर मिरजेला कानाच्या डॉक्टरकडे गेले. यंत्र मिळालं. डॉक्टरांनी एकदम दोन्ही कानांना लावायला सांगितलं, सरांनी आधी एकालाच लावून घेतलं. लॅपटॉप ऑफिसात गेला नाही. पुढचं वर्षभर सर आणि मुजावर सुट्टीच्या दिवशी एसटीने माणच्या शाळांत जात राहिले. मुजावर एकदा सांगत होते, सर आता सूर चढवताना कान लावत नाहीत, पोरांच्या हातांकडे बघतात. शेवटचा हात खाली आला की म्हणतात, गेला पलीकडे. पोरं विचारतात, तुम्हाला कुठवर ऐकू आलं? सर खरं सांगतात. पोरं खूश होतात, मास्तरपेक्षा आपल्याला जास्त येतं म्हणून.

निवृत्त झाल्यावर ते गावी गेले. त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. दहिवडीला परीक्षेच्या कामासाठी गेले होते, परतताना त्यांच्या गावच्या फाट्यावर उतरले. सर रस्त्याकडेला भावाच्या मेंढरांपाशी बसले होते. गळ्याचं बटण लावलेलं. मला बघून त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. "वाऱ्याचा लय आवाज येतो त्यात," ते म्हणाले. "तुमी बोला. तोंडाकडं बघून कळतं मला निम्मं. निम्मं पुरं हुतं."

आम्ही बोललो. मुजावरांची मुलगी कॉलेजात आली, प्राचार्य बदलले, वहिनींचे गुडघे दुखतात. मग सांगलीची गाडी आली आणि मी चढले. मेंढरं रस्त्यावर आली होती, म्हणून ड्रायव्हरने हॉर्न दाबला, आणि तो अडकला. थांबेचना. ड्रायव्हर मुठीने आपटत होता, कंडक्टर पुढे धावला, गाडीतल्या साऱ्यांनी कानांवर हात घेतले. मेंढरं उधळून शेतात शिरली, भाऊ त्यांच्यामागे धावला. त्या सगळ्या गोंधळात एकटे सर जागेवर शांत उभे होते. उन्हात डोळे बारीक करून त्यांनी मला खिडकीत शोधलं, सावकाश हात हलवला, आणि ते काहीतरी बोलू लागले. चांगलं दोन-तीन वाक्यांचं. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. गाडी हॉर्न वाजवत वळणापर्यंत गेली, तोवर मी खिडकीतून डोकं बाहेर काढून हो, हो म्हणत मान हलवत राहिले.